अणूचे किरण आणि शेतकरी

नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे २००२ साली कांद्यास किरण देण्याचे केंद्र स्थापन झाले, त्यास आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी ‘किरण दिलेला कांदा खाल्ला तर ते किरण पोटात जाणार नाहीत काय?’ हा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंच्या, व त्याहून अधिक त्यांच्या गिऱ्हाइकांच्या, मनातून गेला आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. ज्या शब्दाबरोबर हिरोशिमा व नागासाकी या नगरांचा १९४५ सालचा संहार आठवतो, त्या शब्दाचा आपल्या घासाशी संबंध आला म्हणजे मनुष्याने बिचकावे हे स्वाभाविकच होय. उलटपक्षी, शास्त्रज्ञ सांगतात म्हणून सर्व ठीकच असणार, असे मानून स्वस्थ बसणे हेही शहाणपणाचे नव्हे. कारण याच अणूच्या योगाने १९८६ साली चेर्नोबिलच्या परिसरातील शेतकऱ्यांचे दूध, चारा व जमीन ही निरुपयोगी झाली, हेही तितकेच सत्य आहे. तेव्हा कोठे भ्यावे व कोठे भिऊ नये हे ज्याचे त्यास ठरविता यावे, एवढ्यासाठी या विषयाची मूलतत्त्वे प्रस्तुत लेखात सोप्या रीतीने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अणूची घडण

नांगराच्या फाळाचा कीस काढला, त्या किसाचा एक कण घेऊन तो फोडीत गेलो, तर शेवटी असा एक सूक्ष्म भाग हाती येईल की तो फोडल्यास लोखंडाचे लोखंडपण उरणार नाही. हा शेवटचा भाग म्हणजे लोखंडाचा अणू. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाने परमाणूची कल्पना फार प्राचीन काळी मांडली. परंतु ती तर्काने काढलेली होती. वजनमापांच्या आधारावर अणूचा सिद्धांत जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०८ साली ग्रंथरूपाने मांडला, व त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे अणू हा अभेद्य आहे असेच समजत.

१८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी अणूतून निघणारा, ऋण विद्युत् धारण करणारा अतिसूक्ष्म कण शोधून काढला. त्यास इलेक्ट्रॉन म्हणतात. पुढे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर सूक्ष्म कणांचा मारा करण्यात आला, तेव्हा बहुतेक कण वर्खातून सरळ पार गेले, पण थोडे भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे मागे उसळले. यावरून रदरफर्ड यांनी १९११ साली असे अनुमान काढले की, अणू बहुतांशी पोकळ असून त्याचे जवळजवळ सर्व वजन मधोमध एका लहानशा गाभ्यात साठलेले आहे. हाच अणुगर्भ होय. अणुगर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा कल्पिला तर अणू हा शे-दोनशे वार रुंदीच्या शेताएवढा होईल. शेताच्या मध्यावर एक दाणा, कडेपर्यंत विरळ फिरणारे इलेक्ट्रॉन, आणि बाकीचे सारे रान मोकळे, अशी ही घडण आहे.

अणुगर्भात दोन प्रकारचे कण असतात. धन विद्युत् असलेला तो प्रोटॉन, व कोणतीच विद्युत् नसलेला तो न्यूट्रॉन. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला. या कणांपैकी प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८४० पट जड असतो. मूलद्रव्य कोणते हे केवळ प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. शेतकऱ्यांच्या परिचयाची उदाहरणे द्यावयाची तर नत्राच्या अणूत ७ प्रोटॉन, स्फुरदाच्या अणूत १५ व पालाशाच्या अणूत १९ प्रोटॉन असतात. पंधराचे सोळा झाले की स्फुरद स्फुरद राहत नाही, त्याचे गंधक होते.

न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच मूलद्रव्यात कमीअधिक असू शकते. एकाच आईची दोन भावंडे वजनाने भिन्न असावीत, तसाच हा प्रकार. अशा भावंडांस समस्थानिके म्हणतात. नेहमीच्या स्फुरदात १६ न्यूट्रॉन असतात, म्हणून त्यास स्फुरद-३१ म्हणावयाचे; १७ असल्यास तो स्फुरद-३२. पीक या दोहोंत काडीचाही भेद करीत नाही. मूळ जे उचलते ते दोन्ही सारखेच उचलते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

किरणोत्सर्ग म्हणजे काय?

अणुगर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे प्रमाण जमलेले असले म्हणजे तो अणू स्थिर असतो. बैलगाडीत भार मागेपुढे बरोबर बसला म्हणजे ती जशी सरळ चालते, तसेच हे आहे. प्रमाण बिघडले असल्यास अणुगर्भ केव्हातरी आपल्यातील काही अंश जोराने बाहेर फेकून देतो व स्वतः अधिक स्थिर होतो. या बाहेर फेकण्यासच किरणोत्सर्ग म्हणतात. युरेनियमच्या क्षारांत हा गुण आहे हे १८९६ साली पॅरिस येथे आंरी बेकरेल यांस आढळले, व १८९८ साली मेरी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही दोन नवी किरणोत्सर्गी द्रव्ये शोधून काढली.

हे किरण मुख्यतः तीन प्रकारचे असतात. अल्फा किरण म्हणजे दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांची जड पुडी. ती कागदाने अडते, पण अल्फा किरण सोडणारी धूळ श्वासावाटे आत गेल्यास मोठा अपाय करते. बीटा किरण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने अडतात. तिसरे गॅमा किरण. हे क्ष-किरणांच्या जातीचे पण बहुधा त्यांहून प्रखर असल्यामुळे त्यांस अडविण्यास शिशाचे जाड ठोकळे किंवा काँक्रीटच्या भिंती लागतात.

किरणोत्सर्ग हा कारखान्यातच उत्पन्न होतो असा कित्येकांचा समज आहे, तो बरोबर नाही. निसर्गातील पालाशाच्या दर दहा हजार अणूंत एखादा पालाश-४० असतो व तो किरणोत्सर्गी आहे. सामान्य पालाश खताच्या, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅशच्या, एका किलोत असे सुमारे १५,००० अणू दर सेकंदास फुटत असतात. त्यांतील बहुतेकांचे कॅल्शियम होते. पालाशावाचून कोणतीही वनस्पती वाढत नाही, व आपल्या शरीरासही तो लागतो. साधारण वजनाच्या मनुष्याच्या अंगात दर सेकंदास सुमारे ४,००० पालाश-४० चे अणू फुटतात, आणि मनुष्यजात जन्मली तेव्हापासून हे चालू आहे. सारांश, किरण आहेत की नाहीत एवढेच विचारून भागत नाही. ते किती आहेत, कोठून येतात व किती काळ येणार, हे विचारले पाहिजे.

अर्धायुष्य

किती काळ, या प्रश्नाचे उत्तर अर्धायुष्य या कल्पनेत आहे. एखादा विशिष्ट अणू केव्हा फुटेल हे कोणासही सांगता येत नाही. परंतु अणूंच्या मोठ्या राशीपैकी निम्मे किती काळात फुटतील हे अचूक सांगता येते. तो काळ म्हणजे त्या द्रव्याचे अर्धायुष्य. स्फुरद-३२ चे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे आहे. आज शंभर भाग असतील तर १४ दिवसांनी पन्नास, २८ दिवसांनी पंचवीस, असे ते घटत जातात. आयोडीन-१३१ चे ८ दिवस, कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे, सीझियम-१३७ चे ३० वर्षे, रेडियमचे सुमारे १,६०० वर्षे, आणि युरेनियम-२३८ चे साडेचार अब्ज वर्षे. दहा अर्धायुष्ये लोटली म्हणजे मूळच्या सुमारे एक हजारांश भाग उरतो, हा हिशेब लक्षात ठेवण्यास सोपा आहे. आयोडीनच्या बाबतीत हा काळ ऐंशी दिवसांचा, तर सीझियमच्या बाबतीत तीनशे वर्षांचा होतो.

अणुशक्ती

१९३८ सालाच्या अखेरीस ऑटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान या जर्मन रसायनज्ञांस असे दिसून आले की, युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले असता त्यातून बेरियमसारखे पुष्कळ हलके द्रव्य निर्माण होते. लिझे माइटनर व ऑटो फ्रिश यांनी लगेच त्याचा उलगडा केला की, न्यूट्रॉन शिरताच युरेनियमचा अणुगर्भ दुभंगून त्याची दोन शकले होतात. ही शकले होताना मूळच्या वजनात हजारांत सुमारे एक भाग इतकी घट येते, आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखविल्याप्रमाणे त्या घटीचे प्रचंड शक्तीत रूपांतर होते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्णपणे दुभंगल्यास सुमारे पावणेतीन टन उत्तम दगडी कोळसा जाळल्याइतकी उष्णता मिळते. मात्र खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये २३५ या जातीचे प्रमाण शेकडा पाऊण भागाहूनही थोडे कमी असते.

एक अणुगर्भ दुभंगला म्हणजे दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात, व ते शेजारच्या अणुगर्भांस दुभंगतात. एका दाण्याचे दोन, दोहोंचे चार, असा हा वाढावा आहे. तो मोकाट सोडला तर बाँब होतो. बोरॉन किंवा कॅडमियमसारखी न्यूट्रॉन गिळणारी द्रव्ये मध्ये घालून आवरला तर अणुभट्टी होते. अशी पहिली भट्टी एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे चालविली. आपल्या देशात डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे अप्सरा ही भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, व १९६९ साली तारापूरच्या केंद्रातून विजेचे उत्पादन होऊ लागले. तेथेही अखेर काम चुलीचेच चालते. उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची व वाफेने चक्र फिरवून वीज काढावयाची. फरक इतकाच की या चुलीत धूर नाही. पण तिची राख मात्र तीव्र किरणोत्सर्गी असून तिच्यावर शतकानुशतके पहारा ठेवावा लागतो.

किरण लागणे व द्रव्य लागणे

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्यावर आलो. अंगणात मिरच्या वाळत घातल्या म्हणजे त्यांवर दिवसभर सूर्याचे किरण पडतात. त्या वाळतात, त्यांचा रंग पालटतो. परंतु रात्री घरात आणल्यावर त्या काही उजेड देत नाहीत. किरण आले, काम करून गेले. याच्या उलट, फवारणी करताना औषध अंगावर उडाले तर ते अंगाबरोबर घरात येते, व धुऊन काढीपर्यंत आपला परिणाम करीतच राहते. किरण लागणे आणि किरण सोडणारे द्रव्य लागणे यांत हाच भेद आहे. पहिल्यात पदार्थावर परिणाम होतो, पण पदार्थ स्वतः किरण सोडू लागत नाही. दुसऱ्यात किरणांचा उगमच पदार्थात जाऊन बसतो.

न्यूट्रॉनांच्या माऱ्याने स्थिर द्रव्य किरणोत्सर्गी बनू शकते, हे आम्ही वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. किंबहुना कोबाल्ट-६० हे अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉन सोडूनच तयार करतात. परंतु त्या कोबाल्टपासून निघणाऱ्या गॅमा किरणांत अन्नातील अणुगर्भास किरणोत्सर्गी करण्याइतका जोर नसतो. कांद्यास दिले जातात ते हेच किरण होत.

बियाणे व कांदा

कांद्यास मोड येतो तो त्याच्या आतील कोवळ्या कोंबाच्या पेशी वाढू लागल्यामुळे. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच त्यास अल्प प्रमाणात गॅमा किरण दिले म्हणजे या पेशींची विभागण्याची शक्ती नष्ट होते व मोड येत नाही. या कामी शंभर ग्रेहून कमी मात्रा पुरते. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप आहे. एवढ्या मात्रेने कांद्याची उष्णता एका अंशाच्या तिसाव्या भागाइतकीही वाढत नाही. कांदा, बटाटा व मसाले यांस किरण देण्याची परवानगी भारत सरकारने १९९४ साली दिली. पुढे २००७ साली लासलगाव येथेच किरण दिलेले आंबे अठरा वर्षांच्या बंदीनंतर अमेरिकेस रवाना झाले. तेथे उद्देश मोड थांबविण्याचा नसून कोयीतील व गरातील किडीची पैदास खुंटविण्याचा होता.

मात्र या उपायाची मर्यादाही शेतकऱ्यांनी जाणली पाहिजे. किरणांनी मोड थांबतो, सड थांबत नाही. ओला, मार लागलेला अथवा बुरशी धरलेला कांदा किरण देऊनही सडणारच. त्यास चांगली सुकवण, निवड व हवेशीर चाळ यांचीच गरज आहे. मोड सुरू झाल्यावर किरण देण्यातही अर्थ नाही. आणि बियाण्याकरिता राखावयाच्या कांद्यास तर किरण कदापि देऊ नयेत, कारण त्याचा कोंबच मारला जातो.

बियाण्याच्या बाबतीत किरणांचा उपयोग निराळा आहे. क्ष-किरणांनी जीवांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडतो हे हर्मन म्युलर यांनी १९२७ साली माश्यांवर, व लुईस स्टॅडलर यांनी त्याच सुमारास सातूवर दाखवून दिले. असे बदल बहुतेक अपायकारकच असतात. हजारो रोपांतून एखादे उपयुक्त निघते, व ते पिढ्यान्‌पिढ्या पारखून घ्यावे लागते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या स्पॅनिश इंप्रूव्हड् या वाणास क्ष-किरण देऊन व असे चिकाटीचे काम करून टीजी-१ हा टपोऱ्या शेंगांचा वाण १९७३ साली बाहेर आला. पुढे अशाच वाणांच्या संकरातून टीएजी-२४ हा बुटका व लवकर येणारा वाण १९९१ साली प्रसृत झाला. या नावातील टी म्हणजे ट्रॉम्बे व ए म्हणजे अकोला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९८५ साली निघालेला टीएयू-१ हा उडीदही याच कुळातला. ज्या शेतकऱ्यांनी हे वाण पेरले, त्यांनी अणुविज्ञानाचे फळ आपल्या पोत्यात भरले आहे. आणि त्या पोत्यात, पालाश-४० सारखा निसर्गाचाच अंश वगळता, किरणाचा लवलेशही नाही. किरण लागले ते मूळच्या बियांस, कित्येक पिढ्यांपूर्वी. आज चालत आला आहे तो केवळ गुण.

स्फुरद-३२ चा उपयोग तिसऱ्याच रीतीने होतो. खतात त्याचा किंचित अंश मिसळून पिकास दिला असता, पानांत आलेल्या स्फुरदापैकी किती खतातून आले व किती जमिनीतून, हे किरणमापक यंत्राने कळते. खत बुंध्याजवळ द्यावे की पसरून, वर द्यावे की खोल, हे ठरविण्यास या प्रयोगांची मोठी मदत झाली आहे. येथे किरणोत्सर्गी द्रव्य खरोखरच पिकात जाते. म्हणून असे पीक प्रयोगशाळेच्या हद्दीबाहेर जाऊ देत नाहीत.

जेथे भ्यावयास हवे

२६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएट संघातील चेर्नोबिल येथील अणुभट्टी फुटली, तेव्हा लोकांस किरण लागले एवढ्यावर ते थांबले नाही. किरणोत्सर्गी द्रव्य वाऱ्यावर उडून शेकडो कोसांवरच्या रानांत उतरले. आयोडीन-१३१ गवतावर पडले, गवत गाईंनी खाल्ले, दूध मुलांनी प्याले, व ते त्यांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीत साचले. त्यातून पुढे हजारो मुलांस त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. उपचारांमुळे त्यांपैकी बहुतेक वाचली हे खरे, पण वेळीच दूध बंद केले असते तर हा अनर्थ पुष्कळसा टळला असता. आयोडीन काही महिन्यांत संपले. सीझियम-१३७ मात्र जमिनीत राहिले. ब्रिटनच्या डोंगराळ भागातील मेंढ्यांच्या विक्रीवर या कारणाने घातलेले अखेरचे निर्बंध २०१२ साली उठले.

यात शेतकऱ्यास शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. सीझियम हे पालाशाच्या कुळातले द्रव्य असल्यामुळे मुळे त्यास पालाशाच्या वाटेनेच आत घेतात. ज्या जमिनीत पालाशाचा तुटवडा तेथे पिकात सीझियम अधिक शिरते. चिकणमातीच्या जमिनी त्यास धरून ठेवतात, तर आम्ल व कुजकट जमिनी सहज सोडतात. म्हणून बेलारूस व युक्रेनमध्ये, आणि २०११ सालच्या फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानी भातशेतांत, पालाश खत भरपूर देऊन पिकातील सीझियम कमी करण्यात आले.

दुसरा धोका याहून घराजवळचा आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात गेलेल्या एका जुन्या यंत्रातील कोबाल्ट-६० उघडे पडले व एक मनुष्य प्राणास मुकला. पिवळ्या जमिनीवर काळ्या तीन पात्यांचे चिन्ह असलेली कोणतीही धातूची डबी वा जड शिशाचे भांडे कोठे आढळल्यास त्यास हात न लावता, ते न फोडता, पोलिसांस वर्दी द्यावी.

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरनजीक माडबन येथे मोठ्या अणुवीज केंद्राची योजना आली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी व मच्छीमारांनी २०११ च्या सुमारास तिला कडवा विरोध केला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु वापरलेले इंधन कोठे ठेवणार, समुद्रात परत सोडलेले पाणी किती ऊन असणार, अपघात झाल्यास गावे कोणत्या वाटेने व किती वेळात हलविणार, दूध व चारा तपासण्याची सोय कोठे असणार, हे प्रश्न विचारण्याचा ज्यांची जमीन त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच भाषेत मिळाली पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या वाचकांस आमची एवढीच सूचना आहे की, अणूचे नाव ऐकताच तीन गोष्टी विचाराव्या: केवळ किरण लागले आहेत की द्रव्य लागले आहे? द्रव्य असल्यास ते कोणते व किती? त्याचे अर्धायुष्य किती? लासलगावच्या कांद्याच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाशी शंका मिटते, व तो कांदा निःशंकपणे खावा. जेथे ती तशी मिटत नाही, तेथे उत्तर मिळेपर्यंत विचारणे सोडू नये.